मालवणच्या किनाऱ्यावरचे एक उंची मासळीचे हॉटेल : बांगड्याचे तिखले आणि न दाखवलेला काटा

मालवणात चांगली मासळी खायला मिळणे यात नवल काहीच नाही. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर, जेटीच्या वाटेवर आणि तारकर्लीच्या माडांच्या बागांतल्या घरगुती खाणावळींत तीनशे ते पाचशे रुपयांत पोटभर थाळी मिळते, आणि ती बहुतेक ठिकाणी मन लावून रांधलेली असते. म्हणूनच चौघांच्या एका जेवणाचे साडेसात हजार रुपये बिल करणाऱ्या हॉटेलात पाऊल टाकताना माझ्या मनात एकच प्रश्न होता : त्या थाळीत नसलेले असे हे हॉटेल काय देते? नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुटीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही तिथे दोनदा जेवलो. पहिल्यांदा शुक्रवारी रात्री आणि नंतर रविवारी दुपारी. सोबत माझे यजमान, कॉलेजात शिकणारी लेक आणि माझी बहात्तर वर्षांची आई होती. आईचे सारे बालपण वेंगुर्ल्यात गेले आहे आणि मासा पाहण्याची तिची नजर आजही तशीच पक्की आहे, त्यामुळे या लेखातले निम्मे मत तिचे आहे असे समजायला हरकत नाही.

हॉटेलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला जी तक्रार मांडायची आहे ती किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळी उंची म्हणवणाऱ्या कोणत्याही हॉटेलात उद्भवू शकते, आणि वाचकाने नाव लक्षात ठेवण्यापेक्षा काय पाहावे आणि काय विचारावे हे लक्षात ठेवलेले अधिक उपयोगाचे आहे.

वास्तू देखणी आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, समुद्राच्या बाजूला जमिनीपासून छपरापर्यंत काच, आणि पंधरा-सोळा टेबले, तीही एकमेकांपासून इतक्या अंतरावर की शेजारच्यांचे बोलणे कानावर पडत नाही. उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची काळी रेघ दिसते. महाराजांनी १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी केली तो किल्ला समोर ठेवून जेवायला बसणे हा अनुभव मोलाचाच आहे, मात्र त्यासाठी सूर्यास्तापूर्वी पोहोचावे लागते. आम्ही आठ वाजता गेलो तेव्हा काचेत आमचीच प्रतिबिंबे दिसत होती. आणखी एक बाब म्हणजे वातानुकूलन फार कडक आहे. मासळीच्या जेवणात वडे, घावणे आणि तळलेल्या तुकड्या गरम असण्यालाच महत्त्व असते आणि इथे ताट समोर आल्यापासून पाच मिनिटांत सगळे गार होते. काचेबाहेरच्या पडवीतली चार टेबले मागून घ्यावीत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

मेनूकार्ड हाती आले तेव्हा मी थोडी खट्टू झाले. जाड कागदाच्या चार पानांपैकी पहिली तीन पाने बटर गार्लिक, लेमन पेपर, तंदुरी आणि शेजवान यांनी भरलेली होती आणि मालवणी पदार्थ शेवटच्या पानावर, तेही अर्ध्याच, दिलेले होते. मालवणात येऊन कोणी शेवंड (लॉब्स्टर) लोण्यात आणि लसणीत परतून खाऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण ज्या गावाच्या नावाने मसाला ओळखला जातो त्या गावातल्या सर्वांत महागड्या हॉटेलांपैकी एकाने तिखले आणि सांबारे शेवटच्या पानावर ढकलावे हे मला खटकले. पुढे जे घडले त्यावरून असे दिसले की तेच अर्धे पान या स्वयंपाकघराची खरी ताकद आहे.

मागणी देण्यापूर्वी वाढप्याने मासळीचे तबक आणून दाखवले. बर्फाच्या चुऱ्यावर एक अखंड सुरमई, पाच-सहा बांगडे, चार पापलेटे, दोन शेवंडी आणि वाटीभर माकुल (स्क्विड) मांडलेले होते. ही पद्धत अतिशय चांगली आहे आणि तिचा उपयोग करून घ्यायला हवा, नुसते मान डोलावून तबक परत पाठवू नये. आईने वाढप्याची परवानगी घेतली, बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर उचलला आणि आतला रंग पाहिला. तो लालभडक होता. डोळे फुगीर आणि स्वच्छ होते, पाठीवरच्या निळसर हिरव्या पट्ट्यांवर अजून चमक होती आणि पोटाजवळ बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला. "ह्यो बांगडो सकाळचो आसा," ती वाढप्याला म्हणाली, आणि तो मुलगा एकदम खुलून मालवणीतच बोलू लागला : "होय काकी, आज रापणीक गावलेलो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोके धरून रापणकरांचा जमाव ते वाळूवर ओढून आणतो. बांगडा आणि तारली यांसारखे थव्याने किनाऱ्याजवळ येणारे मासे अशा जाळ्यात मिळतात, आणि जाळे ओढल्यापासून काही तासांत ते स्वयंपाकघरात पोहोचू शकतात. खोल समुद्रात अनेक दिवस राहणाऱ्या ट्रॉलरवरच्या मासळीला हे भाग्य लाभत नाही. त्यामुळे तबकातला सर्वांत स्वस्त मासाच सर्वांत ताजा असणे हे किनाऱ्यावर अगदी स्वाभाविक आहे. पर्यटक मात्र बहुधा नावाजलेला मासा मागतात आणि बांगड्याकडे पाहतही नाहीत.

पापलेटांबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. तबकातली चारही पापलेटे तळहाताएवढीसुद्धा नव्हती. पापलेटाला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केले. पूर्ण वाढ होण्यापूर्वीच पिल्ले पकडली जातात आणि त्यामुळे हा मासा घटत चालला आहे, ही चिंता त्यामागे होती. याच कारणासाठी अनेक जातींच्या माशांचा पकडण्याजोगा किमान आकारही शासनाने ठरवून दिला आहे. ही पापलेटे त्या आकारात बसत होती की नाही हे पट्टी लावल्याशिवाय सांगता येणार नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. पण ज्यांना चांगला माल वेचून घेण्याइतका पैसा मिळतो त्यांनी तरी एवढे छोटे मासे घेऊ नयेत, असे मला मनापासून वाटते. आम्ही ती मागवली नाहीत आणि का मागवत नाही हेही वाढप्याला सांगितले.

जेवणाची सुरुवात सोलकढीने झाली. सोलकढी हा साधा पदार्थ असला तरी स्वयंपाकघराचे चारित्र्य तिथेच कळते. नारळाचे दूध काढून फार वेळ ठेवले की त्याला एक जडसर आंबूस वास येतो आणि तो कोकमाच्या आंबटपणाखाली लपत नाही. शिवाय खऱ्या आमसुलांची कढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट झाक असलेली असते, तर भडक गुलाबी रंग दिसला की आत काहीतरी वेगळे घातले आहे असे समजावे. इथल्या कढीचा रंग योग्य होता, दूध ताजे होते, लसूण ठेचून घातलेली होती आणि मिरचीचा झणका घशाशी येऊन थांबत होता. नव्वद रुपये हा दर घरगुती खाणावळीच्या मानाने बराच चढा आहे, पण पेला मोठा होता आणि आईने दुसरा मागितला तेव्हा अर्धा पेला न आकारता भरून दिला.

तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, सुके उत्तम होते. कर्ली नदी जिथे देवबागजवळ समुद्राला मिळते त्या खाडीतल्या या तिसऱ्या असल्याचे आम्हांला सांगण्यात आले. शिंपला उघडला की आतला जीव टपोरा आणि ओलसर दिसत होता, खोबऱ्याचे वाटण त्याला नीट चिकटले होते आणि संपूर्ण ताटात एकदाही वाळूचा कण दाताखाली आला नाही. तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू टाकू देण्याचे काम वेळखाऊ असते आणि घाईच्या हॉटेलात तिथेच कसर राहते. माकुल तव्यावर मसाल्यात परतलेले होते. ते मिनिटभर जास्त शिजले तरी रबरासारखे चिवट होते, इथे तसे झाले नव्हते.

आता बांगड्याच्या तिखल्याविषयी. गेल्या दहा वर्षांत हॉटेलात खाल्लेल्या कोणत्याही मासळीच्या पदार्थापेक्षा मला हे तिखले अधिक आवडले. काळ्या मातीच्या पसरट भांड्यात ते आले तेव्हा रस अजून कडेने हळूहळू उकळत होता. तिखले पातळ कालवणासारखे नसते. मिरची, धणे आणि थोडे खोबरे यांचे वाटण माशाच्या अंगाला लपेटून राहील एवढाच रस त्यात असतो, आंबटपणा सोलांचा असतो, आणि त्याचा जीव असतो तिरफळात, कोकणातल्या या सुगंधी मसाल्याच्या फळात. तिरफळ फार ठेचले तर कडवटपणा उतरतो आणि अख्खे टाकून उकळले नाही तर नुसता देखावा होतो. त्यातली काळी बी काढून फक्त साल वापरायची असते. ते दाताखाली आले की जिभेला हलकीशी मुंगी चढते आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाचा जडपणा त्या एका चवीने उतरतो. इथे तिरफळाचा वास भांड्यावरचे झाकण काढताक्षणी आला, पण चवीत तो मासा झाकून टाकत नव्हता. बांगड्याचे मांस काट्यापासून अलगद सुटत होते, कण्याजवळ गुलाबी कच्चेपणा नव्हता आणि शेपटीकडचा भाग कोरडा झालेला नव्हता. पहिल्या घासानंतर आई काही क्षण काहीच बोलली नाही. नंतर तिने घावण्याचा तुकडा रसात बुडवला आणि "माझी आजी असंच करायची" एवढेच म्हणाली. लेकीने, जी एरवी काट्यांच्या भीतीने बांगडा टाळते, दोन तुकड्या संपवल्या. वाढप्याने तिच्यासाठी काट्यांकरिता वेगळी बशी आणि नंतर लिंबू घातलेले कोमट पाणी न सांगता आणून ठेवले, याचीही नोंद केली पाहिजे.

पाचशे वीस रुपयांच्या या तिखल्यानंतर साडेनऊशे रुपयांची तळलेली सुरमई निराशाजनक ठरली. रव्याचे आवरण कुरकुरीत होते, मीठ-मसाला ठीक होता, तुकडी बोटभर जाड होती, पण आतले मांस कोरडे होते. ताजी सुरमई काट्याचमच्याने दाबली की तिचे ओलसर पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. इथे ती दोऱ्यांसारखी तुटत होती. तबकात दाखवलेला मासा आणि ताटात आलेला मासा एकच होता का, असा प्रश्न मी विचारला. वाढप्याने आत जाऊन चौकशी केली आणि परत येऊन प्रामाणिकपणे सांगितले की तबकातली सुरमई अख्खी मागवणाऱ्यांसाठी असते आणि तुकड्या आधी कापून बर्फात ठेवलेल्या मालातून निघतात. त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते, पण मग तबक दाखवण्याचा हेतूच बाजूला राहतो. जो मासा दाखवला तोच शिजवला जाईल, असा ग्राहकाचा समज होतो आणि तो समज होऊ देणे हे हॉटेलचेच काम असते. म्हणून तबक पाहताना "याच माशाची तुकडी देणार का?" हे तिथल्या तिथे विचारून घ्यावे.

कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बाबतीत याहून गंभीर गोष्ट घडली. मेनूकार्डावर कुर्ल्यांच्या सांबाऱ्यापुढे आकडा नव्हता, फक्त 'वजनाप्रमाणे' असे छापलेले होते. विचारल्यावर दर शंभर ग्रॅमला २४० रुपये सांगितला गेला आणि मध्यम आकाराच्या दोन कुर्ल्या पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतील, असा अंदाज देण्यात आला. आम्ही बाराशे रुपये मनात धरले आणि होकार दिला. सांबारे चांगले होते. खाडीतल्या काळ्या कुर्ल्या, नांग्यांत भरगच्च मांस, भाजलेल्या खोबऱ्याचा दाट रस आणि आतल्या लाखेचा गोडवा त्यात नीट उतरलेला. यजमानांनी नांग्या फोडण्यात अर्धा तास आनंदाने घालवला. बिल आले तेव्हा त्यात कुर्ल्यांचे वजन ७८० ग्रॅम आणि रक्कम १,८७२ रुपये लिहिलेली होती, म्हणजे सांगितलेल्या अंदाजापेक्षा ६७२ रुपये जास्त.

प्रश्न ६७२ रुपयांचा नाही. आम्ही तेवढे देऊ शकत होतो आणि शेवटी दिलेही. प्रश्न असा आहे की वजन कोणी, कधी आणि कशाचे केले, हे आम्हांला कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. कुर्ली जिवंत असताना तोलली की साफ करून, दोनच होत्या की अडीच, हे सगळे आता पोटात गेले होते. व्यवस्थापक सभ्य होते. त्यांनी स्वयंपाकघरातली वजनाची नोंदवही आणून दाखवली आणि तिच्यात ७८० हा आकडा खरोखर होता. माझा त्यांच्यावर लबाडीचा आरोप नाही. पण वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूचा काटा ग्राहकासमोर असला पाहिजे, ही अपेक्षा भाजीच्या टोपलीपुढे उकिडवे बसूनसुद्धा आपण ठेवतो आणि तिथे ती पाळली जाते. मालवणच्या बंदरावर लिलावात कोळीण आपल्या डोळ्यांसमोर वाटा लावून देते. मग पांढऱ्या रुमालाच्या टेबलावर तो काटा भिंतीपलीकडे का जावा? अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांत एवढा फरक पडत असेल तर शिजवण्यापूर्वी येऊन "वजन जास्त भरते आहे, चालेल का?" असे विचारणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

त्याच बिलात दहा टक्के सेवाशुल्कही आधीच जोडलेले होते. पदार्थांची एकूण रक्कम ६,५२२ रुपये, त्यावर ६५२ रुपये सेवाशुल्क, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, असे मिळून ७,५३३ रुपये झाले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने सेवाशुल्क आपोआप बिलात जोडायचे नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या. मी हे शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी वाद न घालता नवे बिल करून आणले, त्यात ते शुल्क नव्हते आणि रक्कम ६,८४८ रुपये झाली होती. ज्या मुलाने आमची इतकी आपुलकीने सेवा केली त्याला आम्ही वेगळे पैसे त्याच्या हातात दिले. ज्यांना असे शुल्क काढून द्यायला नकार मिळेल त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. एवढी माहिती गाठीशी असली की जेवणाच्या शेवटी आवाज चढवण्याची वेळ येत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. वडे चांगले फुगलेले होते, पण आत शिरताच गार झाले, ते वर लिहिलेच आहे. घावणे जाळीदार आणि मऊ होते आणि तिखल्याबरोबर तेच मागवावेत. भात उकड्या तांदळाचा मागितला तरच मिळतो, न सांगता बासमती आणून ठेवतात आणि मालवणी रसाशी बासमतीचा मेळ बसत नाही. गोडात शिरवाळे होते, तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि गुळाचा, वेलची घातलेला नारळाचा रस. उंची हॉटेलात हा घरगुती पदार्थ ठेवल्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. रस किंचित कमी गोड असता तर नारळाची चव अधिक खुलली असती. बाटलीबंद पाण्याला ऐंशी रुपये घेणे मात्र मला अजिबात पटले नाही, साधे गाळलेले पाणी मागितल्यावर तेही मिळते, पण ते मागावे लागते.

जायचे केव्हा, याचाही विचार करावा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत अशा हॉटेलांच्या तबकात जे दिसते त्यातले बरेचसे बर्फातले किंवा दुसरीकडून आणलेले असते, आणि दर मात्र उतरत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा समुद्रात जातात आणि ऑक्टोबरपासून बांगडा भरपूर येऊ लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीकडचा रस्ता गाड्यांनी भरून जातो आणि स्वयंपाकघरावरचा ताण ताटात उतरतो, म्हणून तो आठवडा टाळलेला बरा. नोव्हेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला दिवस आणि संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली तर या हॉटेलचे जे चांगले आहे ते सगळे पदरात पडते.

रविवारी दुपारी आम्ही पुन्हा गेलो ते आईच्या हट्टापायी. तिला तिखले परत खायचे होते आणि जमल्यास ते रांधणाऱ्याला भेटायचे होते. पडवीतले टेबल मिळाले, वारा होता, वडे शेवटपर्यंत गरम राहिले. तिखले शुक्रवारच्या इतकेच चांगले होते, याला मी फार महत्त्व देते, कारण एकदा जमून गेलेला पदार्थ आणि हातात बसलेला पदार्थ यांतला फरक दुसऱ्या खेपेलाच कळतो. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातून पन्नाशीच्या एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या जवळच्याच गावातल्या होत्या आणि मालवणी पदार्थ त्याच करतात असे कळले. आईने तिरफळे किती घालता असे विचारले, तेव्हा त्यांनी बोटे मोजून दाखवली, एका बांगड्याला तीन, आणि ती वाटणाबरोबर घालायची नाहीत तर उकळी आल्यावर थोडी चेचून घालायची, असे सांगितले. आईने लगेच आपल्या घरी चार घालत असल्याचे सांगितले आणि दोघींची त्यावर दहा मिनिटे चर्चा झाली. निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत मूठभर वाळलेली तिरफळे आईच्या हातावर ठेवली. या बाईंचे नाव मेनूकार्डावर कुठेही नाही. ते पहिल्या पानावर असायला हवे.

कुर्ल्या आम्ही दुसऱ्यांदाही मागवल्या, या वेळी समोर तोलून द्या असे सांगून. वाढप्याने कोणतीही खळखळ न करता इलेक्ट्रॉनिक काटा टेबलाजवळ आणला, रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर घेतला आणि सुतळीने नांग्या बांधलेल्या दोन जिवंत कुर्ल्या त्यात ठेवल्या. आकाराने त्या शुक्रवारच्याच कुर्ल्यांसारख्या दिसत होत्या. वजन ५३० ग्रॅम भरले, ते त्याने चिठ्ठीवर लिहून आमच्यापाशी ठेवले, आणि बिलातही १,२७२ रुपयेच लागले. पडवीतल्या पलीकडच्या टेबलावर पुण्याहून आलेले एक कुटुंब बसले होते. त्यांनीही कुर्ल्या मागवल्या आणि त्यांना पाचशेच्या आसपास भरतील असे सांगण्यात आले. काटा आमच्या टेबलाजवळच ठेवलेला होता. तो तिथून उचलून आत नेण्यात आला आणि त्यांच्या कुर्ल्या न दाखवताच शिजायला गेल्या.